ग्वाल्हेरने फॅब मागू नये, काम मागावे

सिलिकॉन कार्बाइडची बाजी चीनने मारली, आता भारताने त्यात पैसा घालणे म्हणजे पाण्यात घालणे, असे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली जाणती मंडळीही म्हणू लागली आहेत. त्यांचा पुरावा कच्चा नाही. या पदार्थाच्या चिपा बाजारात आणणाऱ्यांत अग्रणी असलेली अमेरिकेची वुल्फस्पीड ही कंपनी १९८७ साली ‘क्री’ या नावाने निघाली. जून २०२५ च्या अखेरीस तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्याकडून दहा वर्षे वेफर, म्हणजे चिपा घडवण्याच्या चकत्या, मिळाव्यात म्हणून जपानच्या रेनेसासने २०२३ मध्ये दोन अब्ज डॉलर अनामत ठेवली होती. चिनी कारखान्यांनी सहा इंची चकतीचा भाव काही वर्षांत निम्म्यावर आणला. टेस्लाने तर या पदार्थाचा वापर ७५ टक्के कमी करू, असे २०२३ मध्येच जाहीर केले.

हे सारे खरे आहे, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. वुल्फस्पीड अडचणीत आली ती पदार्थ निकामी ठरल्यामुळे नव्हे. तिने कर्ज काढून आठ इंची चकत्यांचे अवाढव्य कारखाने उभारले, मागणी तितक्या वेगाने आली नाही, आणि त्यातच भाव कोसळले. कच्चा माल स्वस्त झाला की तो पिकवणारा अडचणीत येतो. पण त्यातून वस्तू घडवणाऱ्याला हीच वेळ साधायची असते. चीनच्याच बीवायडीने २०२५ मध्ये हजार व्होल्टांची गाडी आणली, ती स्वतः केलेल्या १५०० व्होल्टांच्या सिलिकॉन कार्बाइड चिपांवर. जपानची एन७००एस शिंकान्सेन २०२० पासून याच चिपांवर धावते.

मुळात ही वस्तू आपल्या ओळखीची आहे. सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्याच्या कार्बोरंडम दगडात हीच असते. चिपेसाठी मात्र तिचा निर्दोष स्फटिक लागतो. दोन हजार अंशांहून तप्त भट्टीत भुकटीची वाफ करून ती बीजस्फटिकावर बसवतात. कित्येक दिवसांत स्फटिक जेमतेम काही सेंटिमीटर वाढतो, आणि मग तो कापणेही कठीण, कारण कठीणपणात तो हिऱ्याच्या जवळ जातो. पण सिलिकॉनच्या सुमारे दहापट विद्युतताण तो सोसतो आणि उष्णता जवळजवळ तिप्पट वाहून नेतो. त्यामुळे पातळ थरातच मोठा विद्युतदाब अडवता येतो आणि चालू-बंद होताना वीज कमी वाया जाते. ई-रिक्षाच्या ४८ व्होल्टांना याची गरज नाही, तिथे सिलिकॉन पुरते. बसचे चार्जर, सौर इन्व्हर्टर, रेल्वेइंजिने ही याची खरी जागा.

दुसरे एक मत आमच्याच गावातले आहे: ग्वाल्हेरला फॅब, म्हणजे चिपा घडवणारा कारखाना, हवी. मी याच्याही विरोधात आहे. फॅबला अतिशुद्ध पाणी लागते, आणि आमचे शहर उन्हाळ्यात तिघरा धरणाच्या पातळीकडे डोळे लावून बसते. शिवाय १२ ऑगस्ट २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने भुवनेश्वरच्या सिकसेम प्रकल्पाला मंजुरी दिली आहे: ब्रिटनच्या क्लास-सिकसोबत, वर्षाला साठ हजार चकत्या. तिथे होते ते तिथे होऊ द्यावे.

आमच्याकडे जे आहे ते वेगळे आहे, आणि त्याचे मोल कुणी नीट केलेले नाही. मालनपूर भिंड जिल्ह्यात असले तरी तिथली औद्योगिक वसाहत ग्वाल्हेरचीच मानली जाते. तिथे सीजी पॉवरचा वितरण ट्रान्सफॉर्मरचा कारखाना आहे. त्याच कंपनीने साणंदला, त्याच रेनेसासच्या भागीदारीत, चिपांच्या जोडणी-चाचणीचा कारखाना उभा केला आहे. आणि धारेच्या दगडांची जुनी कंपनी कार्बोरंडम युनिव्हर्सलही सीजी पॉवरच्याच मुरुगप्पा समूहातली. भुकटी, चिप आणि ट्रान्सफॉर्मर एकाच घरात असताना मालनपूरला फक्त तांबे आणि लोखंड गुंडाळत का ठेवायचे? येऊ घातलेल्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला उच्च दाबाच्या याच चिपा लागणार आहेत. ग्वाल्हेरच्या अटलबिहारी वाजपेयी माहिती तंत्रज्ञान संस्थेत आणि १९५७ पासूनच्या माधव अभियांत्रिकी संस्थेत शिकलेली मुले नोकरीसाठी पुणे-बंगळूर गाठतात. या नव्या ट्रान्सफॉर्मरचे काम इथे आले तर त्यांतली काही इथेच राहतील.

चकती मात्र सगळी बाहेरूनच घ्या, असे मी म्हणणार नाही. रडारच्या गॅलियम नायट्राइड चिपा याच चकतीवर वाढवतात, आणि गॅलियमच्या निर्यातीवर चीनने २०२३ मध्ये निर्बंध घातलेच. डीआरडीओच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेने चार इंची चकती देशात केली आहे. जग आठ इंचांकडे चालले असले तरी या देशी चकतीवरचा खर्च संरक्षणासाठी केलाच पाहिजे.

ग्वाल्हेरने मागावी ती मालनपूरला एक सामाईक चाचणीशाळा. लहान उद्योजकाने आपला चार्जर घेऊन यावे आणि मे महिन्यातल्या इथल्या पंचेचाळीस अंशांत, इथल्याच धुळीत, तो महिनाभर पूर्ण भारावर चालवून पाहावा.