परदेशी स्वयंसेवा : शिक्षणाची वाट की वळसा?

नांदगाव (जि. सिंधुदुर्ग) - दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षे राज्यात अव्वल ठरते. पेढे वाटून झाले, की तिठ्याच्या परिसरात प्रश्न उरतो तो पुढे काय, हाच. पूर्वी त्याचे उत्तर मुंबई हे ठरलेले असे. अलीकडे त्यात जर्मनीची भर पडली आहे. वर्षभर स्वयंसेवा करावी, राहण्या-जेवणाची चिंता नाही आणि मग तेथेच शिकावे, असे चित्र रंगविले जाते. ते अर्धेच खरे आहे.

जर्मनीत शस्त्र हाती घेण्यास नकार देणारे तरुण पूर्वी लष्करी सेवेऐवजी रुग्णालयांत व वृद्धाश्रमांत काम करीत. सक्तीची भरती 2011 मध्ये स्थगित झाली आणि ही पोकळी भरण्यासाठी स्वयंसेवेची नवी सरकारी योजना आली. तीत परदेशी तरुणांनाही प्रवेश आहे. मुदत बहुधा वर्षाची असते. हातखर्च व आरोग्य विमा मिळतो, अनेक ठिकाणी निवासही. दिनक्रम मात्र पूर्ण वेळ नोकरीसारखाच. पहाटेची पाळी, वृद्धांना न्याहारी भरविणे, अंथरुणे बदलणे, चाकाची खुर्ची ढकलणे. शिक्षण म्हणाल, तर तरुणांसाठी वर्षात किमान 25 दिवसांची शिबिरे!

स्वयंसेवकाचा परवाना म्हणजे विद्यार्थ्याचा परवाना नव्हे. केवळ बारावीच्या गुणपत्रिकेवर तेथील विद्यापीठाचे दार सहसा उघडत नाही. भारतात पदवीचे काही शिक्षण वा तेथील पूर्वतयारी अभ्यासक्रम लागतो. शिवाय निर्वाहाची तरतूद म्हणून वर्षाला 11,904 युरो दाखवावे लागतात (सप्टेंबर 2024 पासूनचा आकडा). जर्मनीत शिक्षण फुकट, हेही सरसकट खरे नाही. महाराष्ट्राशी भागीदारी असलेले बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यच 2017 पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सत्राला 1,500 युरो घेते.

त्यापेक्षा परिचारिकेचे तीन वर्षांचे सशुल्क नव्हे, तर सवेतन प्रशिक्षण सामान्य घरातील मुलांना अधिक परवडणारे. स्वयंसेवेच्या वर्षाचा खरा उपयोग तेथेच होतो. काम झेपते का, हे कळते आणि भाषा कानावर पडते. पण अशा प्रशिक्षणाच्या व्हिसासाठी जर्मनची साधारण 'बी-वन' पातळी लागते. खरी अडचण येथे आहे. जर्मन सरकारची अधिकृत भाषासंस्था मुंबई-पुण्यात. म्हणजे शुल्काआधी खोलीभाडे आलेच.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने बाडेन-वुर्टेंबर्गशी करार करून 10 हजार तरुणांना पाठविण्याचे ठरविले, तेव्हा मोफत भाषा प्रशिक्षणाची जबाबदारी शालेय शिक्षण विभागाकडे आली. त्या वेळचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर सावंतवाडीचेच आमदार. योजनेचे यश किती तरुण विमानात बसले, यावर मोजण्याआधी हे वर्ग तालुक्याच्या गावापर्यंत पोचले का, हे विचारायला हवे. नांदगावच्या मुलीला कणकवलीचा वर्ग एसटीने गाठता येतो; पुण्याचा नाही.