कळवळा वेगळा, माफी वेगळी

'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज'मधला सगळ्यात भारी भाग कुठला? चाहते हमखास १९९२ च्या 'हार्ट ऑफ आइस'चं नाव घेतात. कारणही ठरलेलं: मिस्टर फ्रीझचं दुःख. कॉमिक्समधल्या एका किरकोळ खलनायकाला लेखक पॉल डिनीने आजारी, गोठवून ठेवलेली बायको दिली आणि त्या लेखनाला डेटाइम एमी मिळालं. कौतुक बरोबरच आहे हो, पण अर्धंच!

माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. फ्रीझच्या बंदुकीने त्याच्याच साथीदाराचे पाय गोठतात, आणि हा त्याला तिथेच टाकून चालता होतो. बायकोसाठी झुरणारा माणूस, दुसऱ्याच्या जिवाबद्दल इतका थंड! टेप बघून बॅटमॅन हेलावतो, तरी फ्रीझला पकडतोच. आणि तीच टेप वार्ताहराच्या हाती देऊन प्रयोग बंद पाडणाऱ्या फेरिस बॉइललाही उघडा पाडतो. हिशेब दोघांचाही चुकता.

नंतरच्या कित्येक खलनायकांना करुण भूतकाळ मिळाला खरा, पण बऱ्याचदा सूट म्हणून. इथे तसं नाही. असो. पुन्हा बघाल तेव्हा त्या टाकून दिलेल्या साथीदाराकडे जरा लक्ष ठेवा.