मोंबासाचा कांगा आणि आपले कोरे थान

केनियातील मोंबासा म्हटले की लोकांना पांढऱ्या वाळूचे किनारे आणि मोठमोठी हॉटेले आठवतात. कापडवाल्याने मात्र जुन्या शहराजवळचा बियाशारा स्ट्रीट पाहावा. स्वाहिलीत 'बियाशारा' म्हणजे व्यापार. दुकानाला तेथे 'दुका' म्हणतात. हा शब्द कसा गेला ते आपल्याला कोणी सांगायला नको.

१३३१ साली इब्न बतूता येथे आला, तेव्हा त्याने येथील लाकडी मशिदींची आणि लोकांच्या दीनदारीची तारीफ लिहून ठेवली. १५९३ साली पोर्तुगीजांनी फोर्ट जीझस किल्ला बांधायला घेतला. १६९८ मध्ये तो ओमानच्या अरबांनी जिंकला. राज्ये बदलली, बाजार राहिला.

या बाजाराचा खरा माल म्हणजे कांगा. बायकांचे सुती छापील वस्त्र, जोडीने विकले जाते. भोवती काठ, मध्ये नक्षी आणि खाली एक ओळ. त्या ओळीला 'जिना', म्हणजे नाव म्हणतात. शेजारणीला टोमणा, नवऱ्याला इशारा, आईची दुवा, सगळे त्या ओळीत असते. बाई रंग पाहते, पण ओळ वाचल्याशिवाय पैसे काढत नाही. पूर्वी ही ओळ अरबी लिपीत असे. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना ती वाचता येईल, अर्थ मात्र लागणार नाही!

भारतातून गेलेल्या कादरदिना हाजी इसाक यांच्या पेढीने हे ओळखले. त्यांच्या कांग्यावर 'माली या अब्दुल्ला', म्हणजे अब्दुल्लाचा माल, असे छापलेले असते. गिऱ्हाईक ते नाव पाहून माल मागते.

आता आपल्याकडे पाहा. भिवंडीचा माग रात्रंदिवस चालतो आणि कोरे कापड काढतो. माझ्याकडून थान उचलणाऱ्या दलालाने हे कोणाच्या अंगावर जाणार हे कधी सांगितले नाही. मीटरमागे पैशापैशाची घासाघीस आपण करायची, छाप आणि नाव दुसऱ्याचे.

छपाईला भांडवल लागते, एका रंगात मोठा लॉट काढावा लागतो, हे कबूल. एकट्या मागवाल्याला ते झेपणार नाही. पण दहाजणांनी मिळून एक नक्षी, एक नाव का काढू नये? त्यातही हॉटेलातल्या पाहुण्यावर भिस्त नको. तो समुद्रावर गुंडाळायला एक कापड घेतो आणि निघून जातो. २०२० साली ती हॉटेले ओस पडली होती. लग्न, बाळंतपण आणि मयत मात्र त्या साली थांबले नाही, आणि तेथे या तिन्ही प्रसंगी कांगा लागतो.