जीसीसी १५ आलं आणि चालता सी कोड का अडला?

ऑफिसमधल्या बिल्ड मशीनवर आम्ही फेडोरा ४२ टाकलं आणि एक जुनं सी टूल कंपाइलच होईना. कोडमधली एक ओळही कोणी बदलली नव्हती. टीममध्ये पहिला शेरा आला, "नवीन जीसीसीनं वाट लावली." मलाही आधी तसंच वाटलं.

खरं काय झालं ते बघू. सी भाषेचं प्रमाण दर काही वर्षांनी बदलतं. कोणतं प्रमाण वापरायचं हे तुम्ही सांगितलं नाही, तर कंपायलर स्वतःचं डीफॉल्ट धरतो. जीसीसी ८ पासून ते जीएनयू१७ होतं. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या जीसीसी १५ ने ते जीएनयू२३ केलं.

आमच्याकडे दोन गोष्टी अडल्या. पहिली सोपी होती. जुन्या हेडरमध्ये कोणीतरी 'बूल' नावाचा टाइप स्वतःच बनवला होता. सी२३ मध्ये तो कीवर्ड आहे, त्यामुळे ते नाव असं वापरता येत नाही. ती ओळ काढली, काम झालं.

दुसरी जास्त महत्त्वाची. फंक्शनच्या नावापुढे रिकामे कंस असले, तर आधी त्याचा अर्थ होता 'आर्ग्युमेंट किती आणि कोणते, ते सांगितलेलं नाही'. आता अर्थ आहे 'एकही नाही'. आमचा एक फंक्शन पॉइंटर असाच रिकाम्या कंसांनी लिहिलेला होता आणि त्याला दोन आर्ग्युमेंट दिले जात होते. ते दुरुस्त करताना कळलं की एका ठिकाणी चुकीच्या टाइपचा आर्ग्युमेंट जात होता. इतकी वर्षं तो बग कंपायलरला दिसतच नव्हता!

घाई असेल तर मेकफाइलमध्ये एसटीडी फ्लॅगला जीएनयू१७ द्या, बिल्ड होईल. पण एक लक्षात ठेवा. २०२४ च्या जीसीसी १४ ने न सांगितलेली फंक्शन्स, न जुळणारे पॉइंटर अशा वॉर्निंग थेट एरर केल्या. त्या जीएनयू१७ दिल्यानं जात नाहीत, कारण सी९९ पासूनच तो कोड नियमाबाहेर होता.

माझं मत विचाराल तर दोष कंपायलरचा नाही. आम्ही प्रमाण कधी लिहिलंच नव्हतं, डीफॉल्टच्या भरवशावर राहिलो. प्रश्न आहे तो ज्यांचा मूळ लेखक कधीच निघून गेला अशा टूल्सचा. तिथे फ्लॅग टाकून पुढे जाणं सोपं असतं, आणि बग तसाच आत राहतो. म्हणून आजच तुमच्या प्रोजेक्टची मेकफाइल उघडा आणि त्यात प्रमाण लिहिलंय का, तेवढं बघा.