‘नाहक विलंब’

विमानतळाच्या प्रतीक्षागृहात ‘तांत्रिक कारणामुळे उड्डाणास विलंब’ अशी घोषणा झाली की प्रवाशांच्या चेहऱ्यांवर जो त्रासिक भाव उमटतो, तो मला पूर्ण परिचयाचा आहे. परंतु ज्या माणसाच्या एका शब्दाखातर ते विमान जागच्या जागी थांबलेले असते, तो त्याच क्षणी इंजिनाखाली हातात बॅटरी आणि समोर उघडे मॅन्युअल घेऊन आपल्या मनातील एका शंकेशी एकटाच झगडत उभा असतो, ही गोष्ट त्या प्रवाशांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानी येत असेल. आयुष्याची बत्तीस वर्षे मी विमानदुरुस्तीच्या कामात घालविली. त्या शंकेची कैफियत लोकांपुढे मांडावी, एवढ्याच हेतूने आज लेखणी हाती घेतली आहे.

बिघडलेले यंत्र ज्याला पूर्ववत् चालू करता येते तो कुशल कारागीर, अशी सर्वसाधारण समजूत असते, आणि मोटारीच्या गॅरेजात ती बव्हंशी खरीही ठरते. विमानाच्या हँगरमध्ये मात्र ती अपुरी पडते, कारण तेथे बिघाडाची वाट पाहत बसण्याची मुभाच नाही. कोणता बोल्ट कोणत्या क्रमांकाचा, तो किती बळाने आवळावयाचा, त्याच्या डोक्यातून ओवलेली लॉकवायर कोणत्या दिशेने पिळावयाची, म्हणजे बोल्ट सैल होऊ लागताच ती तार त्याला उलट आवळण्याकडे ओढील, हा सारा तपशील आधीच लिहिलेला असतो, आणि झालेल्या प्रत्येक कामाची नोंद सहीनिशी दफ्तरी रुजू होते. दुरुस्ती आटोपल्यावर परवानाधारक अभियंत्याने काम योग्य झाल्याचा दाखला दिल्यावाचून नागरी विमान उड्डाणास मोकळे होत नाही. हात तंत्रज्ञाचे, सही अभियंत्याची, आणि त्या दोहोंच्या भरवशावर शेदीडशे अनोळखी जीव. शिवाय हातून झालेली गफलत दुसऱ्या दिवशीच उघडकीस येईल असेही नाही. जपानमधील एका जम्बो विमानाच्या मागील दाबरोधक पडद्याची दुरुस्ती १९७८ साली झाली. जेथे रिव्हेटांच्या दोन ओळींनी भार पेलावयाचा तेथे तो एकाच ओळीवर आला. आणि तो पडदा फाटला १२ ऑगस्ट १९८५ रोजी. मधली सात वर्षे ते विमान हजारो वेळा चढले आणि सुखरूप उतरले होते. त्या एका अपघातात ५२० माणसे दगावली.

परंतु ज्या प्रकरणाचा मी सर्वांत अधिक विचार केला, ते इंग्लंडमधील आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागास निघालेले ब्रिटिश एअरवेजचे विमान सुमारे १७ हजार फुटांवर असताना कॅप्टनसमोरची काच निखळली आणि तो कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहवैमानिकाने साउदम्प्टनला विमान उतरवीपर्यंत केबिनमधील सेवकांनी त्याला घट्ट धरून ठेवले, म्हणून तो वाचला. ती काच उड्डाणापूर्वी सुमारे २७ तास आधी, रात्रपाळीच्या उत्तररात्री, खुद्द पाळीच्या प्रमुखाने बसविली होती, कारण हाताखाली माणसे कमी होती. तो अनुभवी होता आणि त्याच्या कामाला नाव ठेवणारा कोणी नव्हता. जुने बोल्ट काढून त्याने तसेच नवे शोधले. भांडारातल्या माणसाने या काचेला दुसऱ्या मापाचे बोल्ट लागतात असे सांगितलेही, परंतु आजवर जे बोल्ट टिकले तेच बरे, असा हिशेब त्याने मनाशी केला. भांडारात ते पुरेसे नव्हते, तेव्हा दुसऱ्या एका अंधुक उजेडातल्या साठ्याकडे जाऊन, हातातला जुना बोल्ट नव्याशी नजरेने ताडून, त्याने ते वेचून आणले. ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक बारीक निघाले, उरलेले सहा लांबीला अपुरे. काच बाहेरच्या बाजूने बसविलेली असल्यामुळे आतल्या हवेचा दाब तिला सतत बाहेर लोटीत होता, आणि तो सारा भार या बोल्टांवर होता.

चौकशी करणाऱ्यांनी ‘कसूर त्या इसमाची’ एवढे लिहून प्रकरण बंद केले नाही, याबद्दल मला त्यांचा मोठा आदर वाटतो. त्यांनी साठ्यातला उजेड पाहिला. शिडीवरून ओणवे होऊन काम करताना बोल्टाचे डोके खाचेत नीट बसले की नाही हे दिसत होते काय, ते पाहिले. या कामाला दुसऱ्या माणसाची फेरतपासणी सक्तीची का नव्हती, तेही विचारले. माझ्या मते त्या गृहस्थाला दगा दिला तो त्याच्या कौशल्यानेच. ज्याची नजर वर्षानुवर्षे अचूक ठरत आली आहे, त्याला पहाटे तीन वाजता त्याच नजरेचा संशय कसा यावा?

याउलट घडलेला एक प्रसंग माझ्या स्वतःच्या आयुष्यातला आहे. उमेदवारीच्या तिसऱ्या वर्षी एका रात्री मी इंजिनावरील एका आच्छादनाचे बारा बोल्ट टॉर्क रेंचने आवळीत होतो. मध्येच कोणी हाक मारली, मी वळून उत्तर दिले, आणि पुन्हा हात घातला तेव्हा सातवा बोल्ट झाला की राहिला, हे मला आठवेना. आमच्या चार्जमनना सारे आबा म्हणत. त्यांच्याकडे जाऊन मी तसे सांगितले. ते रागावले नाहीत. “एकटा सातवा नको,” ते म्हणाले, “बाराही सैल कर आणि पहिल्यापासून ये. मी उभा राहतो.” बाराही बोल्ट पुन्हा कसले. पहिल्या वेळीही ते सारे ठीकच असावेत. विमान सव्वा तास उशिरा गेले, आणि दोन दिवसांनी आबांच्या नावे कचेरीतून कागद आला: ‘नाहक विलंब’. आबांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि माझ्यापाशी त्याचा कधी उच्चारही केला नाही. ती नोंद रद्द व्हावी म्हणून पुढे मी अर्ज केला. त्याचा निकाल आबा निवृत्त होईपर्यंत लागला नाही.

‘नाहक’ या एका शब्दावर माझा आक्षेप आहे. फेरतपासणीत दोष सापडला तर ती दक्षता, आणि न सापडला तर तो गुन्हा, असा न्याय जेथे चालतो, तेथे शंका बोलून दाखविणारा मनुष्य दुसऱ्या वेळी गप्प बसावयास शिकतो. उभ्या विमानाचा प्रत्येक तास पैसा खातो, आणि अशी मुभा दिल्यास कामचुकार लोक तिचा गैरफायदा घेतील, असे व्यवस्थापक म्हणतात. पहिले म्हणणे खरे आहे. दुसरे मला अनुभवाने पटत नाही. कनिष्ठांच्या देखत ‘मला आठवत नाही’ असे कबूल करणे कोणाही कारागिराच्या अभिमानाला इतके जड जाते की आळसापोटी ते करणारा मनुष्य माझ्या पाहण्यात आला नाही. म्हणून दुरुस्तीच्या प्रत्येक दफ्तरात ‘शंकेवरून फेरतपासणी’ असे स्वतंत्र खाते असावे, त्यात गेलेला वेळ कामाच्याच वेळेत धरावा, आणि निष्पन्न काय झाले यावरून कोणाच्याही सेवापुस्तकात बरेवाईट लिहिले जाऊ नये.

हे आजच लिहिण्याचे कारण असे की, नाशिकजवळच्या ओझर येथे, जेथे १९६४ साली मिग विमानांसाठी कारखाना उभा राहिला आणि पुढे सुखोईही तयार झाली, तेथेच जोडलेले पहिले तेजस मार्क-१ए विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी आकाशात गेले. नागपूरच्या मिहानमध्ये प्रवासी विमानांच्या दुरुस्तीचा तळ आहेच. खानदेशातली, विदर्भातली, नाशिक जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतली मुले आयटीआयचा दाखला घेऊन या धंद्यात येतील, आणि त्यांची परीक्षा एकाच गोष्टीवर होईल: काम किती वेळात आणि किती सफाईने केले. त्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक बदल व्हावा, अशी माझी शिक्षणाधिकाऱ्यांना विनंती आहे. विद्यार्थ्यापुढे ठेवावयाच्या बोल्टांत एक बोल्ट दिसावयास हुबेहूब, पण मापाने किंचित वेगळा मिसळावा. आणि जो मुलगा हातातला पाना खाली ठेवून, घड्याळाकडे न पाहता, परीक्षकाला ‘साहेब, याचा पार्ट नंबर मला एकदा पाहू द्या’ असे म्हणेल, त्याचे काम वेळेत अपुरे राहिले तरी त्याला पूर्ण गुण द्यावेत.