बॅकअप

२४ फेब्रुवारी २०२२, गुरुवार. घरून काम करण्याचे दिवस. टिळकवाडीतल्या घरी चहा घेता घेता लॅपटॉप उघडला, तर टीमच्या चॅटवर खार्किवच्या सहकाऱ्याचा मेसेज होता : ‘आज स्टँडअपला जमणार नाही, बाहेर स्फोट होताहेत.’ त्याच्या वर आदल्या रात्रीचा त्याचाच मेसेज : बग सुटला, उद्या टेस्ट कर.

तीन वर्षं आम्ही एकाच प्रॉडक्टवर होतो. तो पेमेंटचा भाग बघायचा, मी रिपोर्टचा. आपल्या दुपारी दीडला त्यांचे सकाळचे दहा. खार्किव रशियाच्या सीमेपासून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवर. बेळगावही सीमाभागातच, असं मी त्याला एकदा सांगितलं होतं आणि आपला सीमाप्रश्न इंग्रजीतून समजावताना घाम फुटला होता. तो म्हणाला, आमच्याकडेही घरात एक भाषा, ऑफिसात दुसरी. हसलो दोघं.

चार दिवसांत मॅनेजरनं मीटिंग घेतली. एक एक्सेल शीट. रकाने तीन : नाव, मॉड्यूल, बॅकअप. त्याच्या नावापुढे माझं नाव. मॅनेजर काही वाईट माणूस नाही, क्लायंटचे व्यवहार थांबून चालणार नव्हते. पण आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. युद्ध म्हटलं की आपल्याला परेड आठवते, एखाद्या घरातला हार घातलेला फोटो आठवतो. युद्ध असं शीटमधूनही येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

एप्रिलमध्ये मला आजवरची सगळ्यात मोठी पगारवाढ मिळाली. ‘अतिरिक्त जबाबदारी समर्थपणे पेलल्याबद्दल.’ आईनं देवापुढे कुंदा ठेवला. मी खाल्ला.

त्याच सुमारास आई तेलाच्या पिशवीवरून दुकानदाराशी वाद घालून आली होती. आपल्याकडे येणारं सूर्यफुलाचं बहुतेक तेल तेव्हा युक्रेनचं असायचं. काळ्या समुद्रावरची बंदरं अडली आणि भाव चढले. त्यात एप्रिलअखेर इंडोनेशियानं पाम तेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. (आपल्याच कर्नाटकात एके काळी सूर्यफुलाचा पेरा केवढा होता! बाहेरचं तेल स्वस्त पडू लागलं आणि तो आटत गेला. असो.) आईनं पुऱ्या, भजी बंद केली. पेपरवाले याला युद्धाची झळ म्हणत होते. मी सहज हिशोब मांडला : तेलात महिन्याला दोन-तीनशे रुपये जास्त गेले, पगारात आले त्याच्या कितीतरी पट. युद्धात आमचं घर नफ्यात होतं.

मे महिन्यात तो कामावर परतला. बायको आणि लहान मुलगी पोलंडला. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडायची बंदी, म्हणून तो एकटाच मागे. त्यानं विचारलं, ‘माझं मॉड्यूल परत कधी?’ मी म्हटलं, ‘बघतो.’ मॅनेजरला एकदा विचारलं. क्लायंटला धोका नको होता. दुसऱ्यांदा मी विचारलं नाही. त्याला किरकोळ दुरुस्त्यांचं काम मिळालं, निम्म्या तासांचं.

ऑक्टोबरपासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले. वीज असेल तेव्हा तो काम करायचा. वर्षभरानं बायको आणि मुलगी परत आल्या. खार्किवमध्ये २०२३ पासून मेट्रोच्या स्टेशनांत मुलांचे वर्ग भरतात, तिथं ती जाते. युक्रेन पुन्हा उभं करायला दहा वर्षांत ५२४ अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रं वगैरेंनी फेब्रुवारी २०२५मध्ये दिला. एवढ्या आकड्यापुढे माझं डोकं चालत नाही. त्याचे कमी झालेले तास मात्र मला नेमके माहीत आहेत, कारण ते माझ्याकडे आले.

आपल्यातले बरेच जण अशाच टीमांत आहेत, म्हणून हे लिहितोय. पगारवाढीचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात पेमेंटच्या कोडमध्ये अडलो. भाग त्यानंच लिहिलेला. संध्याकाळी त्याला विचारलं. अर्ध्या तासात उत्तर आलं, व्यवस्थित, उदाहरणासकट. खाली एक ओळ : ‘वीज आठपर्यंत आहे, अजून काही असेल तर लगेच विचार.’

मी कोडबद्दलच आणखी दोन प्रश्न विचारले.