पाहुण्याची बंदूक

(द्वितीय वर्ष, कला)

राज्यकर्त्यांचा विश्वास कोणावर आहे आणि संशय कोणावर, हे ओळखायचे असेल तर त्यांची भाषणे ऐकू नयेत. त्यांचा शस्त्रांचा कायदा वाचावा. बंदूक कोणाच्या हाती द्यायची आणि कोणाच्या हातून काढून घ्यायची, हे ठरवताना सरकार आपल्या मनातले खरे बोलून जाते. हा विषय वार्षिकांकात कसा काय, असे काही वाचकांना वाटेल. परंतु आपल्या सोलापूरने या प्रश्नाची किंमत मोजलेली आहे. म्हणून त्यावर विद्यार्थ्यांनी बोलू नये असे मला वाटत नाही.

लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना १८७८ या एकाच वर्षी दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वर्तमानपत्रांची तोंडे बांधली, दुसऱ्याने देशी माणसाच्या हातचे शस्त्र परवान्यात बांधले. या दुसऱ्या कायद्याची खरी मेख सवलतींत होती. ज्याचे वाडवडील याच मातीत राबले त्याला बंदुकीसाठी परवाना हवा, आणि काल बोटीतून उतरलेल्या गोऱ्याला त्यातून सूट! परका विश्वासाचा आणि घरचा संशयाचा, असा तो न्याय होता. वर्तमानपत्रांचा कायदा १८८२ साली रद्द झाला. सूट देण्यातला उघड वंशभेदही पुढे पहिल्या महायुद्धानंतर नियमांतून काढला गेला. परंतु १८७८ चा मूळ शस्त्रकायदा इंग्रज निघून गेल्यावरही काही वर्षे चालूच राहिला. गंमत पाहा, लेखणी चार वर्षांत सुटली, शस्त्र मात्र ऐंशी वर्षांहून अधिक काळ अडकून पडले!

महात्माजी अहिंसेचे उपासक. तरीही १९३० च्या जानेवारीत त्यांनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत दारूबंदी आणि मिठावरील कर यांच्याबरोबर एक मागणी अशीही होती की, स्वसंरक्षणासाठी शस्त्रांचे परवाने द्यावेत आणि त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे. त्यांना बंदूक हवी होती असे नव्हे. शस्त्राचा कायदा लोकांच्या हाती असावा, हे त्यांना हवे होते. त्याच वर्षी ५ मे रोजी त्यांना अटक झाली आणि सोलापूर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, संतप्त जमावाने कोर्टाला आग लावली, १२ मे पासून जून अखेरपर्यंत शहरावर लष्करी कायदा होता. राष्ट्रध्वज मिरवणे हाही त्या दिवसांत गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. चार पुतळ्यांवरून आपण रोज जातो. परक्याच्या हाती बंदूक आणि कायदाही त्याचाच, अशा राज्याचा अर्थ काय असतो, हे त्या चौकात उभे राहिल्यावर पुस्तकाशिवाय कळते.

स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 'कोणतीही व्यक्ती' परवान्यावाचून बंदूक घेणार नाही वा बाळगणार नाही, असे तो म्हणतो. काळा-गोरा, देशी-परदेशी असा भेद त्या वाक्यात नाही. एकवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज परवाना नाही. अर्ज आला की जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवायचा. पिकाच्या राखणीसाठी साधी ठासणीची बंदूक हवी असलेल्या शेतकऱ्यालाही हीच वाट चालावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनहून अधिक बंदुका ठेवता येत नाहीत. हे सारे योग्यच आहे. बंदूक ही ताटातली भाकरी नव्हे की मागितली आणि वाढली.

परंतु याच कायद्याच्या दहाव्या कलमात एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. केंद्र सरकार अधिसूचनेने ज्या देशांची नावे सांगेल, त्या देशांचा प्रवासी आपल्या सोबत बंदूक आणि दारूगोळा 'वाजवी प्रमाणात' भारतात आणू शकतो, आणि तोही त्या कलमाखालील परवान्याशिवाय. अट अशी की त्याच्या देशाच्या कायद्याने त्याला शस्त्र बाळगण्यास मनाई नसावी, वापर केवळ खेळासाठी असावा, अन्य कशासाठीही नसावा आणि नियमांतील शर्ती त्याने पाळाव्यात. प्रवासी म्हणजे कोण, हेही कायदा सांगतो : जो भारताचा नागरिक नाही आणि जो सहा महिन्यांपर्यंत केवळ करमणुकीसाठी, स्थलदर्शनासाठी अथवा परिषदांना प्रतिनिधी म्हणून येतो, तो.

ही खिडकी १९५९ साली का ठेवली असेल, हे समजणे अवघड नाही. त्या काळी परदेशी साहेब वाघाच्या शिकारीसाठी हिंदुस्थानात येत, आणि त्यांच्या डॉलर-पौंडांची देशाला गरज होती. पण १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील पुढच्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीला जागाच ठेवली नाही. आपल्या नान्नजच्या माळावरचे उदाहरण घ्या. जो माळढोक इंग्रज अंमलदारांना शिकारीचे मानाचे पाखरू वाटे, त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य करावे लागले. आणि आज तेथे माळढोक दिसला तर ती बातमी होते! शिकार गेली, शिकारीही गेले. मग शिकारी पाहुण्यासाठी ठेवलेली ही खिडकी अजून कोणासाठी उघडी आहे?

'वाजवी प्रमाण' या शब्दांनी तर मला विशेष खटकते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. आईची विडी न् विडी कारखान्यात मोजून घेतली जाते. 'वाजवी प्रमाणात' विड्या आणल्या, असे सांगून तेथे भागत नाही. एन. सी. सी. च्या शिबिरात मी पॉइंट टू टू रायफलने पाच गोळ्या झाडल्या, तेव्हाही रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागल्या. एक पुंगळी गवतात उडाली होती, तर आम्ही सगळ्या मुली ती सापडेपर्यंत मैदान धुंडाळत होतो. देशाच्या गणवेशातल्या मुलीकडून पुंगळीचाही हिशोब घेणारा देश पाहुण्याच्या काडतुसांपुढे मात्र आकडा लिहीत नाही, हे कसे? हा कायदा मी घरी वाचत बसले होते, तेव्हा वडील म्हणाले, "बंदुकीशी आपला काय संबंध, पोरी?" मला वाटते, बंदूक ज्याच्याकडे नसते त्याचाच त्या कायद्याशी अधिक संबंध असतो, कारण चुकीच्या हातातली गोळी त्यालाच लागते.

हे केवळ कल्पनेचे भय नव्हे. अमेरिकेसारख्या बंदुकांच्या देशातही तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूक घेण्यास मनाई आहे. आपल्याकडून तिकडे शिकायला जाणारी मुलेही त्यात आली. परंतु तेथेही एक खिडकी आहे : ज्याच्याजवळ शिकारीचा परवाना असेल, त्याला सूट. फ्लोरिडातील पेन्साकोला येथील नाविक तळावर प्रशिक्षणासाठी आलेल्या एका सौदी लष्करी अधिकाऱ्याने याच सवलतीचा आधार घेऊन दुकानातून कायदेशीर रीतीने पिस्तूल विकत घेतले आणि ६ डिसेंबर २०१९ रोजी तिघांचे प्राण घेतले. दार बंद होते. माणूस शिकारीच्या खिडकीतून आत आला.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, दहशतवादी थोडाच परवाना मागायला येतो? १९९५ च्या डिसेंबरात पुरुलियात विमानातून शस्त्रे टाकली गेली, २००८ साली मुंबईत ती समुद्रातून आली. त्यांना कोणत्या कलमाने अडवले? आक्षेप खरा आहे. परंतु चोर भिंत फोडतो म्हणून कोणी दाराची कडी काढून ठेवत नाही. भिंत राखणे हे गस्तीचे काम, दार राखणे हे कायद्याचे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नेमबाज खेळाडूंचे काय? कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला रायफल नेमबाजीत ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. तेव्हा फ्रान्सच्या दृष्टीने तेही बंदूक घेऊन आलेले परदेशी पाहुणेच होते! आपल्या खेळाडूंना जगाने दार उघडावे असे वाटत असेल, तर जगाच्या खेळाडूंना आपणही ते उघडले पाहिजे. हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु खेळाडूचे नाव ठाऊक असते, त्याची स्पर्धा, तारखा आणि मैदान ठाऊक असते. हौशी प्रवाशाच्या बाबतीत यांतले काहीही आधी ठरलेले नसते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, दहाव्या कलमातील 'प्रवासी' हा शब्द काढावा आणि तेथे 'स्पर्धेसाठी निमंत्रित खेळाडू' असे लिहावे. बंदुकीचा क्रमांक, काडतुसांचा आकडा आणि परत जाण्याची तारीख आधी नोंदवावी. येताना जेवढे मोजले तेवढ्याचा जाताना हिशोब घ्यावा. करमणुकीसाठी व स्थलदर्शनासाठी येणाऱ्याने विजापूरचा गोलघुमट पाहावा, पंढरीची वारी पाहावी, आमच्या सोलापूरची शेंगाचटणी खावी. यांपैकी कशालाही बंदूक लागत नाही.

मित्रहो, अतिथीला देव मानणारी आपली संस्कृती आहे, आणि ती तशीच राहावी. परंतु आपल्या खेड्यापाड्यांत घरंदाज पाहुणा आपली काठी दाराबाहेर टेकवूनच आत येतो, आणि त्यात त्याला अपमान वाटत नाही. १८७८ साली परक्याला सूट देणारा कायदा आपल्यावर लादला गेला होता. १९५९ ची खिडकी मात्र आपण स्वतःच ठेवली आहे. म्हणूनच ती बंद करायला कोणाशी लढावे लागणार नाही. संसदेत एक छोटी दुरुस्ती पुरेशी आहे, आणि ती मागण्याचा अधिकार चार हुतात्म्यांच्या या गावातील विद्यार्थ्यांना निश्चितच आहे.